मंजुषाच्या खालची ओळ

चंद्रपूर
सोमवार, २४ मार्च २०२५

ललिता आत्या, जय भीम.

झालं ते क्रमाने लिहिते.

१. मागच्या नोव्हेंबरात आमच्या संस्थेने एटापल्ली तालुक्यातल्या नऊ गावांत सिकलसेलची तपासणी केली. तुमचं तोडेवाडा त्यातलं एक. तिथली नावं आशा सेविका म्हणून तुम्ही नोंदवली होती, घरांच्या क्रमाने.

२. पहिली तपासणी सगळ्यांची गावातच झाली. ज्यांची शंकास्पद आली त्यांचंच रक्त दुसऱ्या तपासणीसाठी चंद्रपूरला आलं. त्यामुळे तक्त्यात दुसऱ्या तपासणीचा रकाना बहुतेक नावांपुढे रिकामा होता.

३. अंतिम निकाल संगणकावर काढण्यात आला. त्याच्या प्रोग्राममध्ये दिशेची एक चूक राहिली. रिकाम्या जागी त्याच माणसाचा पहिला निकाल यायला हवा होता. त्याऐवजी, यादीत वाहक म्हणून आलेल्या प्रत्येक नावाच्या लगेच खालच्या एका नावाला, तिथे जागा रिकामी असेल तर, वरच्याचा निकाल लागला.

४. त्यामुळे वाहक नसलेल्या तेवीस जणांना डिसेंबरात वाहकाची पिवळी कार्डं गेली.

५. चूक लक्षात आल्यावर तेवीसही निकाल मूळ कागदांवरून तपासले आहेत.

६. तोडेवाड्यात असे तिघं आहेत: झाडू मडावी, शकुबाई कोहळे, रिना बापूराव मांदाडे.

तिघांची नॉर्मलची पांढरी कार्डं सोबत आहेत. पिवळी परत घ्यावीत आणि पोचपावतीवर सह्या घ्याव्यात. वाहक म्हणजे आजारी नव्हे, त्यामुळे कोणाला चुकीचं औषध गेलेलं नाही. नुकसान मर्यादित आहे असं इथे सगळ्यांचं मत आहे.

तुमच्याकडे फोन लागत नाही, शिवाय हे लेखी असलेलं बरं. तुम्ही बाबांच्या चुलत बहीण म्हणून हे लिहीत नाही, गावाच्या आशा म्हणून लिहिते आहे. नमुन्यांची पेटी घेऊन गाडी दर बुधवारी येते. उत्तर चालक भैयाजींकडे द्यावं.

मयुरी

~

तोडेवाडा
मंगळवार, १ एप्रिल

मयुरी बेटा, सप्रेम जय भीम.

तुही चिठ्ठी भैयाजीनं बर्फाच्या पेटीतून काढून देली. हाताले गार लागली. वाचली त त्याहून गार. "आत्या, कशी आहेस" एवढं त लिहाचं होतं. मी बरी आहो, गुडघे सोडून.

तू मले आशा म्हनून लिवलं. मी तुले पोरगी म्हनूनच लिहीन. तुह्या बारशाले मी राजुऱ्याले आली होती, तवा तू अशीच मुठी आवळून होती.

झाडूबुवाले पांढरं कार्ड देलं. त्यानं पिवळं दिलंच नाई. म्हने, "राहू दे वं, त्याच्यावर मी तंबाखू मळतो. पांढरं मळकट होते." सही म्हनून अंगठा देला, तोही तंबाखूचा. शकुबाई मात्र रडली. यंदा ती मोहाची फुलं वेचाले गेलीच नाई, आपल्याले उन्हाचं सोसनार नाई म्हनून. मी तिले तवाच सांगितलं होतं का वाहकाले काई होत नाई. पन कार्ड हातात असलं का माझं कोन आयकते?

रिनाचं कार्ड माह्याजवळ ठेवलं आहे. ती मामाच्या गावी गेली. आली का देईन. त्याची चिंता तू करू नको.

आता दोन गोष्टी विचारते. मी दहावीच शिकली, पन रजिस्टर अठरा वर्षं लिहून राह्यली.

तिसऱ्या नंबरले तू लिवलं, "चूक राहिली." भाड्यानं राह्यली का? कोनाच्या घरी राह्यली?

अन् दुसरं. एका वाहकाखाली एकालेच वरचं लागलं म्हनते. मंग त्याच्या खालच्या दहा-पंधरा जनायच्या जागा त तशाच रिकाम्या राह्यल्या असतीन. माह्या रजिस्टरात एक घर रिकामं सुटलं त आमच्या वरच्या बाई पानभर बोलतेत. तुह्या तिकडे एवढ्या रिकाम्या जागा कोनाले दिसल्या नाई का?

वहिनीले जय भीम सांग. जयंतीले येशील त चिंचा बांधून देईन.

तुही आत्या,
ललिता

~

चंद्रपूर
सोमवार, ७ एप्रिल

आत्या,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

तुमचं रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळीत एक माणूस, उभ्या रकान्यात एक तपासणी. मी एक छोटा नियम लिहिला: दुसऱ्या तपासणीची जागा रिकामी असेल तर शेजारचा पहिला निकाल तिथे घ्यायचा. असा नियम तक्त्याला लावताना दिशा सांगावी लागते. आडवी सांगितली तर तो एकेका माणसाच्या ओळीतून चालतो. काहीच सांगितलं नाही तर तो उभा चालतो, रकान्यातून खाली उतरतो, आणि एका माणसाचं दुसऱ्याला देतो. दिशा मी सांगितली नाही. चूक माझ्या घरी राहिली.

निकाल एकच जागा सरकावा असं बंधन मी घातलं होतं, कारण ओळीत एकच जागा सरकायची होती. म्हणून खाली उतरतानाही तो एकाच नावावर थांबला.

एक गोष्ट तुमच्या नोंदीमुळे झाली, पण तो तुमचा दोष नाही. नावं घरांच्या क्रमाने होती. वाहकाच्या खाली बहुतेक त्याच्याच घरातला माणूस होता. एका घरात दोन वाहक असणं नेहमीचंच, म्हणून चुकीचे निकालही खरे वाटले. यादी वयाच्या क्रमाने असती तर कुठेतरी खटकलं असतं.

रिकाम्या जागा होत्या. त्या नंतर "नॉर्मल" म्हणून भरल्या गेल्या. ते निकाल कागदाशी ताडून पाहिले आहेत, बरोबर आहेत.

आता माझे प्रश्न. मांदाड्यांच्या घरच्या पाच ओळी मी पुन्हा पाहिल्या. बापूराव, बायनाबाई, मुलगा निकेश, सून मंजुषा, मुलगी रिना. मंजुषा खरोखर वाहक आहे, पण ती सून आहे, दुसऱ्या घरातून आलेली. रिना तिच्या खालच्या ओळीत होती. बापूराव पांढरं, बायनाबाई पांढरं, आणि रिना पिवळं, अशी कार्डं त्या घरात गेली. आईवडील दोघंही पांढरे असताना मूल पिवळं होत नाही. गावात चित्रांच्या पाट्या दाखवून हेच तुम्ही शिकवता.

हे कोणाच्या लक्षात आलं का?

रिना कोणत्या गावी आहे, आणि कधीपासून? डिसेंबरच्या वाटपाच्या कागदावर तिची सही आहे. बायनाबाईंचीही आहे. गरोदर मातांच्या सभेला तुम्ही बायनाबाईंना मदतीला बोलावत होतात, पण जानेवारीच्या सभेची जी यादी इथे आली तीत त्यांचं नाव खोडलेलं आहे. का?

मयुरी

~

तोडेवाडा
मंगळवार, २२ एप्रिल

मयुरी,

मागच्या दोन बुधवारी भैयाजीले मी रिकाम्या हातानं पाठवलं. पहिल्यांदा सांगितलं, गुडघा दुखते. दुसऱ्यांदा सांगितलं, जयंतीची गडबड. भैयाजी म्हने, "बाई, हाताले काय झालं?" वाटलं होतं तू जयंतीले येशील अन् तोंडानंच सांगता येईन. तू आली नाई.

लक्षात आलं होतं. सगळ्या गावाच्या लक्षात आलं. मीच आनून देलं.

कार्डं वाटली त्या दिवशी समाजमंदिरासमोर मी पाट्या लावल्या. पांढरा बाप, पांढरी माय, लेकरं पांढरी. एक पिवळं असन त काई लेकरं पिवळी. मले ते सांगाले लय आवडते. बाया मान हालवतेत, मास्तरीन झाल्यासारखं वाटते. मी मोठ्यानं म्हटलं, "मायबापाच्या रक्तात नाई त लेकराच्या रक्तात येत नाई. मानूस खोटं बोलन, रक्त खोटं बोलत नाई."

चार दिवसांनी चहाच्या टपरीवर कुलदीप बसला होता. तो बापूरावच्या बांधाशेजारचा, तोंडाचा फाटका. त्यानं सगळ्यायची कार्डं विचारता विचारता बापूरावले म्हटलं, "बापू, तुह्या घरी दोन पांढरे. मंग पिवळं कोनाचं?"

लोक हासले. बापूरावही हासला म्हनतेत. घरी आला अन् त्यानं बायनाबाईले काई विचारलं नाई. मारलं नाई, शिवी देली नाई. फक्त तिच्या हातचं जेवन बंद केलं. मंजुषा वाढन तवा जेवाचं. रिना पानी घेऊन गेली त तोंडाकडे पाहत राहाचा, नाक पाहाचा, कान पाहाचा. पोरगी एकोनवीस वर्षांची. तिले कळत नाई का?

बायनाबाई माह्याकडे आली. म्हने, "ललिता, रिना झाली तवा तू माह्या उशाशी होती. तू सांग त्यायले." मयुरी, मी होती. ती पोरगी बापूरावचीच आहे ते मले पाट्या यायच्या आधीपासून माहीत होतं. पन मी कार्डाकडे पाहिलं अन् तिले म्हटलं, "बाई, चंद्रपूरची तपासनी आहे. मी काय सांगू?"

एवढंच म्हटलं. मले वाटलं, बायनाबाईचं मले माहीत नसन असंही काई असू शकते. वीस वर्षांवरची ओळख अन् एक छापील कार्ड, मी कार्ड धरलं. सभेच्या यादीतून नावही मीच खोडलं, बाया कुजबुज करतेत म्हनून.

संक्रांतीच्या आधी ती रिनाले घेऊन भावाकडे गेली. भाऊ राजुरा तालुक्यात, खानीच्या बाजूच्या गावात राहाते. अजून तिथीच आहे.

पांढरं कार्ड आलं त्याच संध्याकाळी मी बापूरावकडे गेली होती. तुले लिवलं नाई. मी म्हटलं, "भाऊ, चूक चंद्रपूरची होती. पोरगी पांढरी आहे." त्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं. म्हने, "तवा तू म्हने, रक्त खोटं बोलत नाई. आता म्हनते, मशीन चुकली. मंग आज कोन खरं बोलून राह्यलं? हेही त त्याच मशीनीतून आलं." मंग म्हने, "ज्यानं लिवलं त्याले आन. तो मानूस माह्यासमोर सांगन त मी आयकीन."

मी सांगितलं नाई का तो मानूस म्हनजे माह्याच भावाची पोरगी आहे. लाज वाटली. तुही नाई, माही.

परवा मी राजुऱ्याकडे जाऊन आली. ट्रकायच्या रांगेत दीड तास एसटी उभी. बायनाबाई भावाच्या अंगनात चिंचा फोडून राह्यली होती. मी रिनाचं कार्ड पुढं केलं. तिनं हात पुसले, कार्ड घेतलं, रिनाले देलं. मी म्हटलं, आता सगळं ठीक होईन. त म्हने, "माह्यं कार्ड त आधीपासूनच पांढरं होतं ना वं. ते कोनी पाहिलं?"

मी पाया पडाले वाकली त तिनं पाय आखडले. म्हने, "तुह्याकडून काई नको. ज्या पोरीनं लिवलं तिनं माह्या नावानं लिवावं. रिना वाचून दाखवन. समजन असं लिव म्हना."

पत्ता मागच्या बाजूले लिवला आहे. आता तू पाह्य. रिकाम्या जागांचं उत्तर तू मले नीट देलं नाई, हे मले कळलं आहे. मले नको देऊ. तिले दे.

ललिता

~

चंद्रपूर
सोमवार, २८ एप्रिल

श्रीमती बायनाबाई मांदाडे यांस,

नमस्कार. मी मयुरी दुर्गे. रिनाच्या पिवळ्या कार्डावरचा निकाल मी काढला होता. हे पत्र तुमच्या नावाने आहे. रिना वाचत असेल, म्हणून तिलाही नमस्कार.

झालं ते क्रमाने लिहिते. एकदा मी हेच ललिताबाईंना लिहिलं होतं. तेव्हा "चूक राहिली", "निकाल काढण्यात आला", "जागा भरल्या गेल्या" असं लिहिलं. त्यात करणारं कोणी नव्हतं. म्हणून पुन्हा लिहिते.

१. तुमच्या घराच्या पाच ओळी माझ्याकडे होत्या. तुमच्या मालकांची, तुमची, निकेशची, मंजुषाची आणि सगळ्यात खाली रिनाची. रिनाची पहिली तपासणी चांगली आली होती. तिला दुसरीची गरज नव्हती, म्हणून तिची जागा रिकामी होती.

२. रिनाच्या रिकाम्या जागी रिनाचाच पहिला निकाल आणायचा होता. संगणकाला मी शेजारून घे म्हणायला हवं होतं. मी दिशा सांगितली नाही. न सांगता तो वरून घेतो, हे मला शिकवलेलं आहे आणि मी इतरांनाही शिकवते. रिनाच्या वर मंजुषा होती. मंजुषाचं पिवळं रिनाला लागलं. यात तुमचा, रिनाचा, मंजुषाचा कोणाचाच संबंध नाही. रिनाचं नाव यादीत एक ओळ वर असतं तर ते तिला लागलं नसतं.

३. माझा नियम बरोबर चालला असता तर एकही जागा रिकामी राहिली नसती. पण नऊ गावांच्या तक्त्यात आठशे बारा जागा रिकाम्या राहिल्या. त्या मी पाहिल्या. आकडा माझ्यासमोर आला होता. कार्डं दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती. मी कारण शोधलं नाही. एक ओळ आणखी लिहून त्या सगळ्या जागांत "नॉर्मल" भरलं. तक्ता भरलेला दिसला आणि मी घरी गेले. त्या संध्याकाळी मी दहा मिनिटं थांबले असते तर तुम्ही आज तुमच्या घरी असता. हे मी आधी कोणाला सांगितलं नव्हतं.

४. चूक मी शोधली नाही. माझा सहकारी आदेश तोच प्रोग्राम राजुऱ्याच्या यादीवर चालवत होता. माझी शेवटची ओळ त्याने काढून टाकली होती. तो म्हणाला, "मयुरी, इथे एवढ्या जागा रिकाम्या का राहतात?" ते १३ मार्चला. मला त्याच क्षणी कळलं. ललिताबाईंना मी २४ मार्चला लिहिलं. मधले अकरा दिवस मी तेवीस निकाल तपासत होते असं सांगते. ते काम दोन दिवसांचं होतं.

५. तुम्ही, तुमचे मालक, रिना, तिघांचीही कार्डं पांढरी आहेत. तुमचं पहिल्या दिवसापासून पांढरंच होतं. ते बरोबर होतं, आजही आहे. रिनाच्या पहिल्या तपासणीचा मूळ कागद हाताने लिहिलेला आहे. त्याला संगणक लागलेला नाही. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

ललिताबाई माझ्या आत्या लागतात. त्यांनी तुम्हाला "मी काय सांगू" म्हटलं, ते माझ्या छापलेल्या कार्डावर विश्वास ठेवून. तो त्यांचा तुमच्याशी हिशेब आहे, त्यात मी बोलणार नाही. एवढंच सांगते, की कार्ड खोटं नसतं तर त्यांच्यावर ती वेळ आली नसती.

पहिल्या पत्रात मी "नुकसान मर्यादित आहे" असंही लिहिलं होतं. ते वाक्य मी परत घेते. तुमच्या घरी तुमच्या हातचं जेवण बंद झालं, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही, म्हणून ते मला दिसलं नाही. मी माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही याचं ओझं तुमच्यावर येईल, आणि ओझी तुम्ही पुष्कळ वाहिली आहेत.

आता विचारायचं ते विचारते.

बापूराव म्हणाले, ज्याने लिहिलं त्याने समोर येऊन सांगावं. बुधवार, १४ मे रोजी मी नमुन्यांच्या गाडीने तोडेवाड्याला जाणार आहे. पाट्या जिथे लावल्या होत्या त्याच जागी, समाजमंदिरासमोर, कुलदीपसह जे येतील त्यांच्यासमोर, हे पत्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला तयार आहे. पाच ओळी कागदावर आखून दाखवीन. मशीन पुन्हा चुकली नाही कशावरून, असं कोणी विचारलं तर पहिल्या तपासणीचा मूळ कागद दाखवीन, आणि बापूरावांना हवं असेल आणि तुम्ही दोघीही आलात तर तिघांचंही रक्त तिथेच पुन्हा तपासता येईल. पेटी सोबत असेल.

पण हे वाचायचं म्हणजे चारचौघांत तुमचं नाव घ्यायचं. ते एकदा तुम्हाला न विचारता घेतलं गेलं आहे. म्हणून तुमच्या होकाराशिवाय मी तिथे तोंड उघडणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर फक्त बापूरावांच्या अंगणात, दार लावून वाचीन. तेही नको असेल तर वाचणार नाही. पत्र तुमचं आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही स्वतः यावं असं मी म्हणत नाही. यायचं असेल तर गाडी सकाळी सात वाजता राजुऱ्याच्या बसस्थानकावर थांबेल. भैयाजींना मी सांगून ठेवलं आहे. मी पुढच्या सीटवर असेन. वाटेत तुम्हाला बोलायचं नसेल तर मी बोलणार नाही.

तुमच्या भावाचं गाव माझ्या टेबलापासून बत्तीस किलोमीटर आहे. मी येऊ शकले असते. तुम्ही बोलावल्याशिवाय दारात उभं राहणं मला जमलं नाही.

सोबत माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. हो किंवा नाही, एवढंच रिनाकडून लिहवून घेतलं तरी पुरे.

उत्तर शुक्रवार, ९ मेपर्यंत माझ्या हाती येईल असं पाठवावं.

मयुरी दुर्गे